दातेरी सुरी आणि दाताचा विळा : घरच्या घरी धार

भाकरीला सुरी लागत नाही, पावाला लागते. पाव कापायची ती लांब, दाते असलेली सुरी आता आपल्या पुष्कळ घरांत आहे. कोणाकडे आखातात नोकरीला असलेल्या मुलाने आणलेली, कोणाकडे बेळगावच्या बाजारातून घेतलेली. काही वर्षे ती फार छान चालते. मग हळूहळू पावाचा भुगा पडू लागतो, टोमॅटो कापला जाण्याऐवजी चेंगरतो आणि घरची मंडळी निकाल देऊन टाकतात की दातेरी सुरीला धार लावता येत नाही. मग ती फडताळाच्या कोपऱ्यात जाते, नाहीतर दारावर येणाऱ्या शिकलगाराच्या हाती. तो बिचारा आपल्या सवयीप्रमाणे ती साणेवर आडवी धरतो, ठिणग्या उडतात आणि चार फेऱ्यांत दात्यांची टोके सपाट होतात. त्यानंतर ती धड साधी सुरी राहत नाही आणि धड दातेरीही राहत नाही.

दातेरी सुरीला धार लावता येते आणि घरच्या घरी लावता येते. त्यासाठी लागते एक कांडी, दहा-पंधरा मिनिटे आणि डोळे नीट उघडे ठेवून पाते पाहण्याची तयारी. आणि जी गोष्ट सुरीची, तीच थोड्या फरकाने आपल्या भातकापणीच्या दाताच्या विळ्याची. म्हणून या पानावर दोघांचा विचार एकत्र करू. कापणीच्या दिवसांत बोथट विळा हा नुसता वेळेचा तोटा नसतो. हात कापून घेण्याची ती वाट असते.

प्रथम दाते काय काम करतात ते पाहू. साध्या सुरीची सगळी धार एकदम पदार्थाला टेकते. दातेरी सुरीची फक्त टोके टेकतात. हाताचा जोर तेवढाच, पण तो थोड्या टोकांवर एकवटतो, म्हणून पावाचा कडक पापुद्रा किंवा टोमॅटोची गुळगुळीत साल टोकांना चटकन भेदता येते. साल एकदा फुटली की पुढचे काम टोके करीत नाहीत. दोन टोकांच्या मधल्या खोलगट भागाला, म्हणजे खाचेला, स्वतःची धार असते. ओढताना पदार्थ त्या खाचेत शिरतो आणि तिथे कापला जातो. टोके पाटावर आणि बशीवर घासून घासून बोथट होतात. खाच मात्र आत दडलेली असल्याने पाटाला लागत नाही, आणि म्हणूनच दातेरी सुरी साध्या सुरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस चालते. पण ती अमर नसते. वापराने खाचेचीही धार जाते, आणि धार लावायची ती या खाचेला. खाच धारदार झाली की तिच्या दोन बाजूंची टोके आपोआप टोकदार होतात. टोके घासायला जाल तर दाते जातील.

आता सुरी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहावी. बहुतेक दातेरी सुऱ्यांच्या एकाच अंगाला खाचा कोरलेल्या दिसतील. दुसरे अंग सपाट, साधे असते. खाचा असलेल्या अंगाला आपण कोरीव अंग म्हणू, दुसऱ्याला साधे अंग. पावाच्या सुरीवर मोठ्या खाचा असतात, साधारण करंगळीच्या नखाएवढ्या. टोमॅटोच्या किंवा फळांच्या छोट्या सुरीवर मात्र अगदी बारीक दाते असतात, करवतीच्या पात्यासारखे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मोठ्या खाचांना कोरीव अंगाकडून धार लावायची आणि बारीक दात्यांना साध्या अंगाकडून. या एका गोष्टीची उलटापालट झाली की सगळे बिघडते.

मोठ्या खाचांसाठी सिरॅमिकची कांडी उत्तम. सिरॅमिक म्हणजे आपली चहाच्या कपाची चिनी माती नव्हे, तरी जात तीच. ॲल्युमिनाची अतिशय बारीक भुकटी दाबून, मोठ्या उष्णतेत भाजून ही कांडी तयार करतात. ॲल्युमिना पोलादापेक्षा बराच कठीण असतो. म्हणून कांडी पोलादाला घासते, पण कानशीसारखी ओरबाडत नाही. अगदी थोडे लोखंड निघते आणि धार गुळगुळीत होते. ती गंजत नाही, तिला तेल लागत नाही, पाणीही लागत नाही. दोष एकच. फरशीवर पडली की खडूसारखी तुटते. शहरातील चाकू-सुऱ्यांच्या दुकानात ती मिळते, टपालाने मागवताही येते. घेताना टोकाकडे निमुळती होत गेलेली घ्यावी, म्हणजे लहान-मोठी कोणतीही खाच तिच्यात कोठे ना कोठे बरोबर बसते. एकाच जाडीची घ्यायची झाली तर ती खाचेपेक्षा थोडी बारीक असावी. खाचेपेक्षा जाड कांडी आत उतरत नाही आणि नेमकी टोकेच घासते.

कांडी नसेल तर अडून बसू नये. गोल शिसपेन्सिल किंवा तेवढ्याच जाडीची बांबूची गुळगुळीत काडी घ्यावी आणि तिच्याभोवती रंगकाम करणारे वापरतात तो पाण्याचा पॉलिश पेपर, सहाशे नंबरचा, घट्ट गुंडाळावा. काम कांडीइतके सुबक होत नाही, पण होते. कागद झिजला की फेकून नवा गुंडाळावा. कानस मात्र घरातील सुरीला सहसा लावू नये. एखादी खाच अगदी तुटून गेली असेल तरच बारीक गोल कानस हलक्या हाताने वापरावी, आणि तिच्यावरून पुन्हा कांडी फिरवावी.

कृती अशी. सुरी धुऊन कोरडी करावी. टेबलाच्या कडेला जाड कापडाची घडी ठेवून तिच्यावर सुरी आडवी ठेवावी. कोरीव अंग वर, धार आपल्यापासून दूर आणि पाठ आपल्याकडे. धार टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर असावी, म्हणजे कांडी मोकळी फिरेल. डाव्या हाताने मूठ घट्ट दाबून धरावी. हातात जाड कातडी किंवा कापडी मोजा असला तर फारच चांगले. आता उजव्या हातात कांडी घेऊन ती पहिल्या खाचेत ठेवावी. कारखान्यात खाचेला जो उतार दिलेला असतो त्याच उतारावर कांडी टेकली पाहिजे. तो उतार डोळ्यांना नीट दिसत नसेल तर खाचेत मार्कर पेनाची शाई लावावी. एकदा कांडी फिरवून पाहावे. शाई सर्वत्र सारखी गेली तर कोन बरोबर. फक्त धारेजवळ गेली तर हात जास्त वर उचलला गेला आहे. फक्त आतल्या बाजूला गेली तर हात फार खाली गेला आहे. हा शाईचा उपाय मला कोनाच्या सगळ्या अंशांपेक्षा भरवशाचा वाटतो. अंश मोजत बसणाऱ्याची सुरी धारदार झालेली मी क्वचितच पाहिली आहे.

कांडी पाठीकडून धारेकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, हलकेच ढकलावी आणि ढकलता ढकलता बोटांत किंचित फिरवावी. हात नेहमी पात्याच्या पाठीमागेच राहिला पाहिजे. बोटे धारेपलीकडे जाता कामा नयेत. परत आणताना कांडी उचलून आणावी. एका खाचेला असे चार-पाच वेळा करावे, जोर न लावता. मग दुसऱ्या, साध्या अंगाकडून त्या खाचेवर बोटाचे पेर आडवे, धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावे. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. कुसळासारखी अगदी बारीक खरखरीत कड बोटाला लागेल. ती लागली म्हणजे धार धारेपर्यंत पोचली. पुढच्या खाचेकडे जावे. लागली नाही तर आणखी दोन-तीन वेळा कांडी फिरवावी. वीत-सव्वा वीत पात्यावर अशा पंचवीस-तीस खाचा असतात. कंटाळा येतो, पण मध्येच सोडू नये, आणि सगळ्या खाचांना मोजून तितकेच हात द्यावेत, नाहीतर पाते असमान झिजते.

सगळ्या खाचा झाल्यावर ती कुसळी कड काढायची. त्यासाठी सुरी उलटी करून कांडी साध्या अंगावर पूर्ण टेकवून, मुळापासून टोकापर्यंत एक किंवा दोन वेळा हलकेच फिरवावी. बस्स, एवढेच. येथे कांडी तिरपी धरण्याचा मोह होतो, तो टाळावा. साध्या अंगाला उतार दिला की खाचांची खोली कमी होत जाते. मग जाड सुती कापडाने, पाठीकडून धारेकडे, पाते पुसावे. सुरी साबणाने धुवावी, कारण लोखंडाची बारीक पूड पात्यावर असते आणि ती पावाबरोबर पोटात जाण्याचे कारण नाही. फुंकर मारून पूड उडवू नये, ती डोळ्यांत जाते. परीक्षेसाठी पिकलेला टोमॅटो घ्यावा. न दाबता, नुसत्या ओढण्याने साल फाटली की काम झाले. घरच्या वापराच्या सुरीला एवढे वर्षातून एकदा पुरते.

ज्यांची धार अगदी बारीक दात्यांची आहे त्या सुऱ्यांत कांडी शिरणारच नाही. तिथे सुरीचे साधे अंग सपाट निसण्यावर जवळजवळ पूर्ण टेकवून चार-सहा वेळा फिरवावे. साधे अंग थोडे झिजले की दात्यांच्या घळींना नवी कड मिळते. कोरीव अंगाला हात लावू नये. नारळाच्या खवणीचे दाते या दोन्हींपेक्षा जाड असतात. त्यांच्या घळीतून बारीक कानस दोन-तीनदा फिरवली तरी ती पुन्हा खोबऱ्यात नीट बसू लागते. लाकूड कापायची करवत मात्र या लेखात धरू नये. तिचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात आणि ते काम वेगळे आहे.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला, दोन पैसे देऊन धार लावून आणावी. याबाबत पवित्र शास्त्रात एक मोठी बोलकी नोंद आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की इस्राएल देशात लोहारच उरला नव्हता, कारण त्यांनी शस्त्रे करू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी तशी व्यवस्था केली होती. त्यामुळे नांगराचे फाळ, कुऱ्हाडी यांना धार लावण्यासाठीसुद्धा शेतकऱ्यांना शत्रूच्या गावी जावे लागे. त्यासाठी जे द्यावे लागे त्याला मूळ हिब्रूत ‘पीम’ असा शब्द आहे. संपूर्ण बायबलमध्ये हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, आणि त्याचा अर्थ कित्येक शतके कोणाला लागत नव्हता. विसाव्या शतकात पॅलेस्टाईनच्या उत्खननांत हीच अक्षरे कोरलेली दगडी वजने सापडली. ती साडेसात-पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे एका शेकेलच्या दोन तृतीयांश. तेव्हा कळले की तो धार लावण्याचा दर होता, तोलून दिलेल्या चांदीत. फाळ शेवटण्यासाठी एवढी चांदी म्हणजे भुर्दंडच. त्याच भूमीत त्याहूनही कितीतरी जुने, लोखंडाच्या आधीचे विळे सापडतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत गारगोटीची पाती बसवलेली, आणि त्यांतील पुष्कळ पात्यांना दाते पाडलेले. तेव्हा दाताचा विळा ही आजच्या कारखान्याची कल्पना नव्हे.

आता आपल्या विळ्याकडे वळू. खानापूर भागात आणि खाली कोकण-गोव्यात भात कापायला दाताचा विळा पुष्कळांच्या हाती आला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा याच जातीचा. साध्या विळ्याला थोडा झटका द्यावा लागतो. दाताचा विळा नुसता ओढायचा असतो. तो वजनाने हलका, आणि बुडखा जमिनीलगत कापता येतो. जमिनीलगत कापण्याचा फायदा असा की खोडकिड्याच्या अळ्या धसकटाच्या खालच्या भागात दडून राहतात, आणि धसकट जितके आखूड तितकी त्यांची सोय कमी. पण त्यात एक मेख आहे. जमिनीलगत कापताना विळा मातीला, खड्याला, बांधाच्या दगडाला लागतो आणि दाते लवकर मरतात. शिवाय भाताच्या ताटात सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, पुष्कळ असते. भाताचे पान उलटे ओढले तर बोट कापते ते यामुळेच. तेव्हा नुसते भात कापल्यानेही पाते झिजते. दोन-चार दिवसांच्या कापणीनंतर विळा पेंढ्यावरून घसरू लागला तर विळ्याला किंवा कापणाऱ्या बाईला दोष देऊ नये.

दाताच्या विळ्याचे दाते फार बारीक असतात आणि ते एकाच अंगाला, पात्यात तिरप्या रेघा पाडून केलेले असतात. म्हणजे वर सांगितलेल्या बारीक दात्यांच्या सुरीचाच हा मोठा भाऊ. नियमही तोच: रेघा असलेल्या अंगाला निसणा लावायचा नाही. विळा गुडघ्याखाली किंवा पाटाशी पक्का धरून, साधे अंग वर करून, हातात मावेल असा लहान निसणा पाण्यात बुडवून त्या अंगावर जवळजवळ सपाट धरावा आणि मुठीपासून टोकाकडे वाकाच्या कलाने फिरवावा. विळा वाकडा असल्यामुळे मोठ्या दगडावर विळा फिरवण्यापेक्षा विळ्यावर लहान दगड फिरवणे सोपे जाते. दहा-बारा हात पुरेत. पाते त्या बाजूने किंचित पातळ होते, रेघांचे तोंड पुन्हा उघडते आणि दाते जागे होतात. मग धार सुतळीच्या जाड गुंडीतून एकदा ओढून काढली की रेघांत अडकलेली कुसळे निघून जातात. रोज संध्याकाळी विळा धुऊन, पुसून, तेलाचे बोट लावून ठेवला तर हे काम कापणीच्या हंगामात एकदोनदाच करावे लागते.

रेघाच झिजून नाहीशा झाल्या असतील तर मात्र निसण्याचा उपयोग नाही. गावात जाणता लोहार असेल तर तो पाते शेवटून, नव्याने दाते पाडून, पाणी देऊन देतो. विजेच्या साणेवर विळा धरू देऊ नये. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले समजावे. तेवढा भाग मऊ होतो आणि पुढे कितीही धार लावा, दुपारपर्यंत टिकत नाही.

राहिला हात. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की ते घसरते, आणि घसरले की पेंढी धरलेल्या डाव्या हाताच्या करंगळीवर किंवा पोटरीवर येते. दात्यांनी झालेली जखम साध्या धारेसारखी सरळ नसते; कडा फाटलेल्या असतात, आत माती आणि तूस शिरते, आणि ती भरून यायला वेळ घेते. अशा वेळी हळद, चुना, कॉफीची पूड, कोळ्याचे जाळे यांपैकी काहीही आत भरू नये. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सतत दाबून धरावे, हात उंच ठेवावा. रक्त थांबले की वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम भरपूर धुवावी व स्वच्छ पट्टी बांधावी. बोटाचे टोक बधिर वाटले, बोट वाकत नसले किंवा सरळ होत नसले, तर आतील नस किंवा कंडरा कापली गेल्याची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. शेवटचे दोन बिंडे उरले आहेत म्हणून उद्यावर ढकलू नये. कापलेली कंडरा लगेच शिवली तर बोट वाचते. दिवस गेले की ते कायमचे ताठ राहू शकते.

धनुर्वात गंजामुळे होतो असा समज आहे. तो होतो मातीत आणि शेणात राहणाऱ्या जंतूमुळे, आणि चकचकीत नव्या विळ्याच्या जखमेतूनही होऊ शकतो. त्याची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पूर्वी टीटी देत असत. २०१९ पासून भारताच्या लसीकरणात तिच्या जागी टीडी आली आहे, जी धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही रक्षण करते. लहानपणीचे सर्व डोस झालेल्याला मातीने माखलेली जखम झाली आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असली, तर पुन्हा एक घ्यावे लागते. स्वच्छ लहान जखमेला ही मुदत दहा वर्षांची. आधी किती डोस झाले हे ठाऊक नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे आणखी काय द्यायचे ते त्यांना ठरवता येते. घरातील मोठ्या माणसांची शेवटची तारीख सहसा कोणालाच आठवत नाही. ती विळ्यांच्या खुंटीजवळ भिंतीवर खडूने नव्हे, तर एखाद्या वहीत लिहून ठेवावी.

कांडीविषयी एक सांगायचे राहिले. चार-पाच सुऱ्या झाल्या की तिच्यावर काळपट पट्टे दिसू लागतात आणि ती गुळगुळीत लागते. ती झिजलेली नसते. तिच्या छिद्रांत लोखंड भरलेले असते. भांडी घासायची पूड आणि काथ्या घेऊन पाण्याखाली घासावी, पुन्हा पांढरी होते. वाळली की जुन्या मोज्यात घालून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा फडताळात आडवी ठेवावी.